लॅपटॉपचा ब्रँड बदलताना : ग्राहकाची निष्ठा नेमकी कशावर होती?

नवी दिल्ली : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली आणि देशातील असंख्य घरांत व कार्यालयांत चालू स्थितीतील लॅपटॉप एका दिवसात जुना ठरला. यंत्रात बिघाड नव्हता. पडदा, कळफलक, डिस्क सारे ठीक होते. मात्र ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आवश्यक केल्यामुळे त्याआधीची यंत्रे अधिकृत मार्गाने पुढे जाऊ शकत नाहीत. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यावर मिळणारी वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच जाहीर झालेली आहे.

एरवी आणखी दोन-तीन वर्षे तोच लॅपटॉप वापरला असता, असे अनेक जण त्यामुळे दुकानाची पायरी चढत आहेत. तेथे त्यांच्यापुढे येणारा पहिला प्रश्न प्रोसेसरचा किंवा किमतीचा नसतो. पुन्हा त्याच कंपनीचा घ्यायचा, की या वेळी दुसरीकडे वळायचे, हा तो प्रश्न असतो. दहा-बारा वर्षे एकाच कंपनीचे लॅपटॉप घेणारा ग्राहक भारतात दुर्मीळ नाही. आयडीसी या संशोधनसंस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये भारताच्या बाजारात सुमारे १ कोटी ४४ लाख संगणक पाठवले गेले. त्यांतील सुमारे ३० टक्के वाटा एकट्या एचपीचा होता आणि उरलेल्यातील मोठा भाग लेनोवो, डेल, एसर व असुस या चौघांत विभागला गेला. इतक्या मोजक्या नावांत फिरणाऱ्या बाजारात एका नावावरून दुसऱ्या नावावर जाणे ही वरकरणी लहान गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती तशी नाही, आणि तिच्या अवघडपणाची कारणे तपासली की लॅपटॉपच्या बाजाराविषयी, तसेच सरकारी धोरणाविषयी बरेच काही कळते.

मुळात ही निष्ठा जडते कशी? पुष्कळदा ती ग्राहकाने निवडलेलीच नसते. तामिळनाडूत २०११ मध्ये जयललिता सरकारने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास सुरुवात केली. उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये अखिलेश यादव सरकारने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना एचपीचे लाखो लॅपटॉप वाटले. ज्या घरात त्याआधी संगणकच नव्हता, तेथे पहिला ब्रँड निविदा प्रक्रियेने ठरवला. नोकरदारांच्या बाबतीत हेच काम कार्यालयाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने केले. ऑफिसने दिलेल्या यंत्राच्या कळांची बोटांना सवय झाली आणि घरी घेतलेला लॅपटॉप त्याच कंपनीचा आला. शिवाय एकदा घेतलेले यंत्र पाच-सहा वर्षे नीट चालले, की तुलना करण्याचे कारणच उरत नाही. हा अनुभव खोटा नव्हे. पण तो एका कंपनीच्या एका विशिष्ट वर्षातील एका मॉडेलचा असतो आणि ग्राहक त्याचे श्रेय सबंध नावाला देऊन टाकतो.

त्या नावाच्या आत काय असते, हे पाहिले तर चित्र बदलते. जगातील बहुसंख्य लॅपटॉप क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक, पेगाट्रॉन अशा तैवानी कंत्राटी उत्पादकांनी बांधलेले असतात. प्रोसेसर इंटेलचा, एएमडीचा किंवा अलीकडे क्वालकॉमचा. मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स वा मायक्रॉनची. भारतात जुळणी वाढत असली, तरी प्रकार तोच आहे. डिक्सन टेक्नॉलॉजीजने एसर, लेनोवो, एचपी आणि असुस अशा एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांसाठी उत्पादनाचे करार केले आहेत. म्हणजे झाकणावरचे बोधचिन्ह वेगळे असले, तरी दोन यंत्रांचा जन्म एकाच छताखाली झालेला असू शकतो. आराखडा, बिजागरीची मजबुती, उष्णता बाहेर टाकण्याची सोय, कळफलकाचा दर्जा आणि विक्रीनंतरची सेवा यांतच काय तो फरक राहतो. तो फरक महत्त्वाचा आहे. मात्र एकाच कंपनीच्या तीस-पस्तीस हजारांच्या आणि लाखभर रुपयांच्या मॉडेलांतील अंतर अनेकदा दोन कंपन्यांमधील अंतरापेक्षा मोठे असते. लाखाच्या यंत्राची ख्याती ऐकून तीस हजारांचे यंत्र घेणारा आणि नंतर ‘आता या कंपनीत दम राहिला नाही’ म्हणणारा ग्राहक दोन्ही वेळा नावालाच भुललेला असतो.

आणि नावे तरी कोठे स्थिर राहिली? आयबीएमने १९९२ मध्ये बाजारात आणलेला ‘थिंकपॅड’ २००५ मध्ये लेनोवोकडे गेला, तेव्हा त्याच्या जुन्या चाहत्यांना दर्जाची चिंता वाटली होती. कळफलकाच्या मधोमध असलेली लाल कळी टिकली, चाहतेही बहुतांशी टिकले; कंपनी मात्र दुसरी होती. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली आणि पुढे ते नाव विरत गेले. सोनीने २०१४ मध्ये ‘वायो’चा व्यवसाय विकला. १९८५ मध्ये ‘टी-११००’ या यंत्राने लॅपटॉप सर्वसामान्यांच्या हाती देऊ पाहणाऱ्या तोशिबाने २०२० मध्ये या व्यवसायातील आपला उरलेला हिस्साही शार्पच्या स्वाधीन केला. भारतीय ग्राहकाला तर याचा अधिक जवळचा अनुभव आहे. एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ ही नावे एके काळी सरकारी कचेऱ्यांपासून महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत दिसत. विप्रोने २०१३ मध्ये स्वतःच्या नावाच्या संगणकांचे उत्पादन बंद केले. एचसीएलही त्याच सुमारास त्या व्यवसायातून बाहेर पडली. त्यांच्याशी एकनिष्ठ राहिलेल्यांना ब्रँड बदलायचा की नाही, हे ठरवण्याची संधीच मिळाली नाही.

कंपनी टिकली तरी तिचा दर्जा टिकेलच असे नाही. ॲपलचा ग्राहक सर्वांत निष्ठावान समजला जातो. २०१५ पासून मॅकबुकमध्ये आलेल्या ‘बटरफ्लाय’ कळफलकाच्या कळा धुळीच्या कणानेही अडत असल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. कंपनीने २०१९ च्या अखेरीस ती रचना सोडायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील सामूहिक दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. लेनोवोच्या काही घरगुती लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाची जाहिरात-आज्ञावली आधीच घालून दिलेली असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या संकेतस्थळांशी होणाऱ्या व्यवहारातही ती मध्ये शिरत होती. या दोन्ही कंपन्यांचे ग्राहक पुढेही वाढले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तक्रार असूनही ग्राहक राहतो, त्याला दरवेळी समाधान म्हणता येत नाही. कधी कधी बाहेर पडण्याचा खर्च अधिक असतो म्हणून तो राहतो.

भारतात ब्रँड सोडण्याचा निर्णय बहुधा सेवा केंद्राच्या खिडकीपाशी होतो. वॉरंटीचे पहिले वर्ष सुखाचे जाते. नंतर बिजागरी सैल होते, चार्जिंगचा सांधा खराब होतो किंवा यंत्र सुरूच होत नाही. अधिकृत केंद्रात पुष्कळदा एकच उत्तर मिळते : मदरबोर्ड बदलावा लागेल. तो खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याजवळ जाणारा असला, तर ग्राहक दुरुस्तीचा नाद सोडतो. वास्तविक बिघाड काही रुपयांच्या एखाद्या सुट्या घटकात असू शकतो. दिल्लीच्या नेहरू प्लेस, मुंबईच्या लॅमिंग्टन रोड, चेन्नईच्या रिची स्ट्रीट किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरचा कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली तो घटक शोधून बदलतो आणि यंत्र आणखी तीन वर्षे चालते. त्याच्याकडे कंपनीचा आराखडा नसतो, मूळ सुटा भाग मिळेलच याची खात्री नसते. तरीही ही विद्या या देशाने स्वतःच्या गरजेतून कमावली आहे आणि तिची किंमत आपल्या धोरणकर्त्यांना उशिराच कळली, असे म्हणावे लागेल.

तालुक्याच्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक बाजू असते. तेथे निष्ठा ब्रँडवर नसून अंतरावर असते. ज्या कंपनीचे सेवा केंद्र जिल्ह्याच्या गावी आहे, ती चांगली. ज्या कंपनीसाठी यंत्र महानगरात पाठवून पंधरा दिवस वाट पाहावी लागते, ती कितीही नामांकित असली तरी नको. घरी येऊन दुरुस्ती आणि यंत्र केंद्रात नेऊन देण्याची दुरुस्ती यांतला फरक वॉरंटीच्या बारीक अक्षरांत असतो. खरेदीच्या दिवशी तो वाचला जात नाही. विद्यार्थी, लेखापाल किंवा ई-सेवा केंद्र चालवणारा तरुण यांच्या दृष्टीने पंधरा दिवस यंत्राविना राहणे म्हणजे परीक्षा, विवरणपत्रांची मुदत किंवा त्या पंधरवड्याची कमाई बुडणे होय.

मग अशा ग्राहकाने सरळ दुसरा ब्रँड का घेऊ नये? एका विंडोज लॅपटॉपवरून दुसऱ्या कंपनीच्या विंडोज लॅपटॉपवर जाणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे, हे खरे. चार्जरचे कुलूपही सैल होत आहे. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून तेथील बाजारात येणाऱ्या नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग बंधनकारक केले असून त्याचा परिणाम साऱ्या जगातील रचनांवर होतो आहे. अडचण सुरू होते ती विंडोजवरून मॅक किंवा लिनक्सकडे वळताना, अथवा इंटेल-एएमडीच्या परंपरेतून २०२४ पासून मोठ्या प्रमाणात आलेल्या ‘आर्म’ प्रोसेसरच्या विंडोज यंत्राकडे जाताना.

भारतीय भाषांत काम करणाऱ्यांना ही अडचण अधिक जाचते. मराठी मुद्रण आणि अक्षरजुळणीचा व्यवसाय अनेक वर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, सी-डॅकची ‘आयएसएम’, ‘आकृती’ अशा प्रणालींवर उभा राहिला. त्यांच्या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो फाँट नसलेल्या यंत्रावर पन्नास पुस्तकांचा संग्रह उघडला, तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसतात. हिंदी पट्ट्यात ‘कृतिदेव’ची कथा हीच आहे, तेथील टंकलेखन परीक्षांतही त्या फाँटाचे स्थान दीर्घकाळ राहिले. यांपैकी काही प्रणाली यूएसबीत लावायच्या ‘लॉक’वर चालतात. त्या लॉकसाठी ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली लागते, आणि जुन्या इंटेल पद्धतीसाठी लिहिलेला ड्रायव्हर आर्म यंत्रावर चालत नाही. इतर कार्यक्रम भाषांतराच्या युक्तीने चालवता येतात, ड्रायव्हरला ती सवलत नाही. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची ‘एम-१’ चिप आणल्यानंतरच्या मॅकवर ‘बूट कॅम्प’ने विंडोज बसवण्याची जुनी सोयही राहिली नाही. छोट्या छापखान्याच्या मालकाला दिसायला देखणे आणि दिवसभर बॅटरी टिकणारे नवे यंत्र भुरळ घालते. पण वीस वर्षांचा मजकूर त्यावर उघडणार नसेल, तर त्याच्या लेखी ते निरुपयोगी ठरते.

करसल्लागार आणि कंत्राटदार यांचेही असेच आहे. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन, त्याचा ड्रायव्हर, आयकर व जीएसटीच्या संकेतस्थळांवर स्वाक्षरीसाठी लागणारी ‘एमसायनर’सारखी साहाय्यक आज्ञावली, विंडोजवरच बसणारे ‘टॅली’ ही साखळी एकदा जुळली की तिला हात लावण्यास कोणी धजत नाही. येथे ग्राहकाला बांधून ठेवणारा हात लॅपटॉप कंपनीचा नसतो. सरकारी संकेतस्थळे कोणत्याही प्रणालीवर सारखीच चालतील, अशी बांधलेली असती, तर ग्राहकाच्या निवडीचे क्षेत्र आपोआप विस्तारले असते. स्पर्धेविषयी बोलताना या मुद्द्याची चर्चा क्वचितच होते.

आणखी एक कुलूप नव्या यंत्रांत नकळत येते. ‘विंडोज ११’च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवे यंत्र सुरू केले की डिस्कवरील माहिती आपोआप सांकेतिक रूपात साठवली जाते. चोरीच्या दृष्टीने हे हिताचेच आहे. परंतु मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र ४८ अंकी किल्ली मागते; ती त्या खात्यात साठवलेली असते आणि खाते दुकानदाराने उघडून दिलेले असेल, तर ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. जुना ब्रँड सोडताना फोटो आणि कागदपत्रे नव्या यंत्रावर नेणाऱ्याने ही किल्ली आधी शोधून लिहून ठेवलेली बरी.

सरकारचे लक्ष या काळात प्रामुख्याने यंत्र कोठे बनते याकडे राहिले. केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सामग्रीसाठी १७ हजार कोटी रुपयांची दुसरी उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २७ कंपन्यांना मान्यता मिळाली. त्याआधी ३ ऑगस्ट २०२३ रोजी परदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉपच्या आयातीसाठी परवाना सक्तीचा केला होता. उद्योगाच्या विरोधानंतर तो निर्णय पुढे ढकलून १ नोव्हेंबरपासून आयातीवर देखरेख ठेवणारी प्राधिकार-पद्धत आणली गेली. माहिती-तंत्रज्ञान करारामुळे लॅपटॉपवर आयात शुल्क लावता येत नसल्याने सरकारपुढे अन्य मार्ग थोडे होते, हे मान्य करावे लागेल. देशात जुळणी व्हावी, या उद्दिष्टाविषयीही दुमत नसावे. परंतु श्रीपेरुम्बुदूर किंवा पुदुच्चेरीत जुळवलेल्या यंत्राचा सुटा भाग पाच वर्षांनी लातूरला किंवा गोरखपूरला मिळेल का, हा ग्राहकाचा प्रश्न त्या योजनेच्या कक्षेबाहेर राहिला.

तो प्रश्न ग्राहक व्यवहार विभागाने हाती घेतला. दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमण्यात आली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. कंपन्यांनी दुरुस्ती पुस्तिका, सुट्या भागांची माहिती आणि सेवा केंद्रांचे तपशील तेथे द्यावेत, अशी कल्पना होती. पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांक’ ठरवण्याच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. यंत्र उघडण्यास किती पायऱ्या लागतात, कोणती हत्यारे व स्क्रू लागतात, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, सॉफ्टवेअर अद्यतने किती काळ मिळतील, अशा निकषांवर पाचपैकी गुण द्यावेत, असे त्यात सुचवले आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर असे गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या सदस्य देशांनीही दुरुस्ती हक्काचा २०२४ चा निर्देश ३१ जुलै २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे.

भारतीय आराखड्यात एक कच्चा दुवा दिसतो. गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. स्वयंघोषणेने प्रक्रिया जलद होईल, पण घोषित गुण तपासणारी स्वतंत्र यंत्रणा आणि खोटेपणासाठी दंड नसेल, तर त्या अंकाला जाहिरातीइतकीच किंमत राहील. विशेषतः मेमरी मदरबोर्डवर डाख देऊन कायमची बसवण्याची पद्धत पातळ लॅपटॉपमध्ये रूढ झाल्याने हा अंक काटेकोर असणे निकडीचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती-केंद्रांकडे मेमरीचा ओघ वळल्याने २०२५ च्या उत्तरार्धात तिचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीच्या ‘क्रुशल’ या मेमरी-व्यवसायातून बाहेर पडण्याची घोषणा केली. आज ८ जीबीवर भागवून दोन वर्षांनी, भाव उतरल्यावर, मेमरी वाढवू असा हिशेब करणाऱ्याने आपल्या यंत्रात ती वाढवता येते का, हे आधी विचारायला हवे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत याची उत्तरे वेगळी असतात.

समितीने हे गुण दुकानात, ई-व्यापार संकेतस्थळांवर आणि खोक्यावरील क्यूआर कोडद्वारे दाखवण्याची शिफारस केली आहे. सध्या ग्राहकाला खोक्यावर प्रोसेसरचे नाव, मेमरीचा आकडा, उत्पादनाचा देश आणि १८ टक्के जीएसटी धरून कमाल किंमत वाचायला मिळते. बॅटरी बदलण्याचा खर्च, सुटा भाग किती वर्षे मिळेल आणि जवळचे सेवा केंद्र कोठे, हे मात्र त्याला दुकानदारालाच विचारावे लागते.